आडोशाचा हिशोब

विश्राम नागवेकरांनी तीस वर्षांच्या नोकरीत कुणाची वीतभर जमीन खाल्ली नव्हती आणि कुणाला खाऊ दिली नव्हती. रत्नागिरीच्या भूमी अभिलेख कार्यालयात ते भूकरमापक होते. दोन भावांमधली हद्द नेमकी कुठून जाते हे सांगणं हा त्यांचा पेशा, आणि सांगून झाल्यावर दोन्ही भाऊ सारखेच चिडले तर मोजणी बरोबर झाली असं ते समजत. अशा माणसाला सायकलचा नाद लागला तर तो तीही मोजूनच चालवणार. दर रविवारी त्यांच्या पाठीवरच्या खिशात दोन केळी, चिक्की आणि एक छोटी डायरी असे. डायरीत त्या दिवसाची एकच ओळ: 'भाट्ये–पूर्णगड–भाट्ये. पुढे: वि. २९, का. १९.'

ही ओळ कळायला सायकलवाल्यांचा एक रिवाज माहीत हवा. दोघं लांब निघाले की एक पुढे होतो आणि दुसरा त्याच्या चाकामागे चाक ठेवून येतो. पुढचा वारा फोडतो, मागचा त्याच्या आडोशाने चालतो. मग अदलाबदल. कोण किती वेळ पुढे राहिला हे सभ्य माणसं मनात ठेवतात. नागवेकर लिहून ठेवत.

'का.' म्हणजे कासम होडेकर. मिरकरवाड्याला मच्छीमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. अंगाने रुंद, बोलायला आखडता. नऊ वर्षं हे दोघे रविवारी पहाटे भाट्याच्या पुलावर भेटत. नागवेकर बोलत, कासम चालवत. परतल्यावर टपरीवर डायरी निघे.

"आजही मीच जास्त ओढलं हो."

"ओढलंस बाबा," कासम म्हणे. "चहा मी सांगतो."

एवढ्यावर नऊ वर्षं सुखात गेली. कारण त्या दोघांत हिशोब ठेवणारा एकच होता.

---

त्या वर्षी नागवेकरांनी 'सागरी सहाशे'चं मनावर घेतलं. रेडीपासून रेवसपर्यंत समुद्राच्या कडेने सहाशे किलोमीटर, चाळीस तासांत. पूर्वी खाड्यांवर फेरीबोटी होत्या तेव्हा बोटीत बसल्या बसल्या पाय पसरायला तरी मिळायचं. सगळ्या खाड्यांवर पूल झाले आणि ती सवलतही गेली. दक्षिणेहून उत्तरेला जायचं, म्हणजे दोन्ही दिवशी दुपारनंतर समुद्राकडचा वायव्य वारा थेट तोंडावर. नागवेकर चार वर्षांपूर्वी त्यात उतरले होते आणि चारशे तिसाव्या किलोमीटरला एका बसथांब्यावर बसले ते उठलेच नाहीत. पुढे छातीत कळ आली, दोन स्टेंट बसले. आता तीन वर्षांनी डॉक्टरांनी सहाशेलाही परवानगी दिली होती, एका अटीवर. नाडी मिनिटाला एकशे चाळीसच्या वर जाता कामा नये.

"दोन वर्षांत निवृत्त होईन," ते बायकोला म्हणाले. "त्याच्या आधी ते एकशे सत्तर किलोमीटर मिटवून टाकायचेत."

सुनेत्राबाई शाळेत गणित शिकवत. "मिटवा," त्या म्हणाल्या. "फक्त एकशे चाळीस लक्षात ठेवा. तो आकडा माझा आहे."

पण त्या वर्षी सहाशेच्या मंडळाने एक नवा नियम आणला, आणि नियमामागून एक यंत्र आलं.

यंत्र घेऊन आल्या त्या डॉ. किशोरी शेट्ये, दातांच्या डॉक्टर आणि रत्नागिरीच्या सायकल क्लबच्या सचिव. भाट्याच्या सुरूच्या बनात चौदा सभासद गोळा झाले. प्रत्येकाच्या हातात त्यांनी एक डबी ठेवली, काड्यापेटीएवढी, आणि तिच्या तोंडाशी बोटभर लांबीची नळी.

"ही हँडलवर बसवायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळीच्या तोंडाशी एक भोक, बाजूंना दोन. पुढून येणारी हवा किती जोराने आणि कुठल्या कोनातून आदळते ते तिला कळतं. पायडलवर तुम्ही किती जोर लावता ते तुमच्या मापकातून कळतं. आणि आपण कुठे आहोत हे उपग्रहाकडून, वीतभर इकडेतिकडे. आता ऐका. सपाट रस्त्यावर तुमच्या दर चार आण्यांच्या ताकदीतले तीन आणे हवा बाजूला सारण्यात जातात. आणि वारा दुप्पट झाला की तो तुम्हाला दुप्पट नाही, चौपट ढकलतो. पुढच्याच्या पाठीमागे हवेत एक पोकळी तयार होते. तिच्यात जो शिरतो त्याची वाऱ्यात निम्मी मेहनत वाचते. आजवर ती कुठे जायची?"

"हवेत," कुणीतरी म्हणालं.

"आता डबीत जाणार. सगळ्या डब्या एकमेकींशी बोलतात. हा पुढे नसता तर मागच्याला किती ताकद लागली असती, ते त्या दर सेकंदाला काढतात. जेवढी वाचली तेवढी मागच्याच्या नावावर घेतली, पुढच्याच्या नावावर दिली."

नियम असा: सहाशेला एकट्याने नाव घातलं तर एकूण मेहनतीच्या पाचव्या हिश्श्याच्या वर कुणाचा आडोसा घ्यायचा नाही. घेतला तर बाद. जोडीने घातलं तर चालेल, पण घेणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर 'स्वबळावर' न छापता 'साहाय्यित' छापणार. गेल्या वर्षी काही हौशी मंडळींनी पगारी पहिलवान पुढे घालून स्पर्धा पुरी केली होती, त्यावर हा उतारा.

नागवेकरांना नियम फार आवडला. आयुष्यभर ज्या न्यायासाठी ते शिव्या खात आले तो न्याय आता हवेतही लागू होत होता.

"याच्यात मागचं निघतं का?" त्यांनी विचारलं.

"निघतं. तुमच्या जुन्या फेऱ्यांच्या नोंदी आहेत आणि हवामानखात्याच्या वाऱ्याच्या नोंदी आहेत. दोन्ही जोडल्या की झालं. काढायचं?"

"काढा की. नऊ वर्षांचं काढा." नागवेकर कासमकडे बघून हसले. "घाबरू नकोस रे, मी काही वसूल करणार नाही."

कासम खाली बसून साखळीला तेल देत होता. साखळीला तेल सकाळीच देऊन झालेलं होतं. "कशाला उकरायचं?" एवढंच तो म्हणाला.

---

पुढच्या रविवारी आकडे आले. डॉक्टरीणबाईंनी ते मोठ्याने वाचले, कारण दात काढताना समोरच्याला किती दुखतंय याकडे फार लक्ष द्यायचं नाही, ही त्यांची सवय.

"नागवेकर आणि होडेकर. नागवेकर, गेल्या तीन वर्षांत घेतलेला आडोसा एकतीस टक्के, दिलेला चार."

नागवेकर म्हणाले, "उलट वाचलंत."

"सुलट वाचलंय."

"माझ्याकडे लेखी आहे." डायरी निघाली. "तीन वर्षांत पुढे मी चार हजार दोनशे किलोमीटर, कासम दोन हजार नऊशे."

"तेही बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर एक फेरी उघडली. "हे बघा. जाताना सकाळी वारा नाही, उतार आहे, तुम्ही पुढे. एकोणतीस किलोमीटर. परतताना अकराला वायव्येचा वारा सुटला, होडेकर पुढे. एकोणीस किलोमीटर. दर वेळी हेच. तुम्ही किलोमीटर मोजलेत, नागवेकर. वारा नाही मोजलात."

कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

"मागच्यामुळे पुढच्यालाही थोडा फायदा होतो म्हणतात," नागवेकर म्हणाले. "पोकळी भरून निघते. दोन-तीन टक्के."

"होतो. यंत्र तो धरत नाही. फार बारीक आहे."

"बारीक असला तरी आहे. मला फेरमोजणी पाहिजे."

फेरमोजणी झाली. चारचे साडेचार झाले.

कासम त्या दिवशी चहाला थांबला नाही. बोट लागलीय म्हणाला. रविवारी मिरकरवाड्याला कुठली बोट लागणार होती हे नागवेकरांना तेव्हा सुचलं नाही.

---

घरी त्यांनी नऊ वर्षांचा आलेख जेवणाच्या टेबलावर पसरला आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली. बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. पहिली सहा वर्षं दोघांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या. कधी हा वर, कधी तो. मग एका ठिकाणी कासमची रेषा उचलली गेली होती आणि परत कधी खाली आली नव्हती.

सुनेत्राबाई वह्या तपासत होत्या. "बसा हो एका जागी. सतरंजी झिजली."

"ही बघ. ही कुठे वळलीय बघ."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ऑक्टोबर."

"कुठला?"

"तुम्हाला स्टेंट बसल्यावर डॉक्टरांनी सायकलची परवानगी दिली तो." त्यांनी पुन्हा वही पुढे ओढली. "कासमभाई पहिल्यापासून भले आहेत."

"तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? मी तुमच्या मागे सायकलवर नसते." मग लाल पेन थांबवून त्या म्हणाल्या, "तो डबा घरात बसवता येतो का हो? अठ्ठावीस वर्षं या घरात कोण कुणाच्या आडोशाने चाललंय ते एकदा मलाही बघायचंय."

नागवेकरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून टाळलं. त्यांना उधारी टोचत नव्हती. उधारी फेडता येते. त्यांना ती तारीख टोचत होती. तीन वर्षं ते टपरीवर बसून 'मीच ओढलं' म्हणत आले होते आणि समोरचा माणूस 'ओढलंस बाबा' म्हणत आला होता. आजाऱ्याला 'आज चेहरा तजेलदार दिसतो' म्हणतात, तसं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मिरकरवाड्याला गेले. कासम एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून होता.

"कासम, ऑक्टोबरात काय झालं?"

"कुठच्या?"

"तीन वर्षांपूर्वीच्या."

"तुझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या."

"आणि तेव्हापासून वारा सुटला की तू पुढे. 'थांब, मी खड्डे दाखवतो' म्हणून."

"खड्डे होते."

"त्या सप्टेंबरात रस्ता नवा केला होता. मी मोजलाय तो. एक खड्डा नव्हता."

कासमने हात बाहेर काढला, बोळ्याला पुसला. "चौदाचा पाना दे. तुझ्या पायाशी आहे."

नागवेकरांनी पाना दिला. "दया केलीस माझ्यावर."

"मला ते येत नाही. मला इंजिनातलं येतं. इंजिन गरम होतंय दिसलं की भार कमी करायचा, एवढंच."

"मी इंजिन आहे?"

"इंजिन तक्रार करत नाही मेल्या."

"इथून पुढे वाऱ्यात मी पुढे राहणार. हिशोब शून्यावर येईपर्यंत. सहाशेला मी 'साहाय्यित' म्हणून जाणार नाही."

कासम पुन्हा इंजिनात वाकला. "शून्यावर यायला तुला आणखी पाच वर्षं लागतील," आतून त्याचा आवाज आला. "तोवर सहाशे कोण करणार?"

---

पुढचे तीन रविवार तसे गेले. डिसेंबर सरत आला होता. परतीच्या वाटेवर वारा सुटला की नागवेकर मान खाली घालून पुढे जात. पुढे असताना बोलायला दम उरत नसे, त्यामुळे ते गप्प. नाडी एकशे छत्तीस, एकशे एकोणचाळीस, एकशे सेहेचाळीस. डबीकडे बघत, नाडीकडे बघत, पुन्हा डबीकडे. तिसऱ्या रविवारी पावस गावाच्या अलीकडे दिलेल्याचा आकडा हलेचना. त्यांनी डबीला टिचकी मारली. मग मागे वळून पाहिलं.

कासम पन्नास मीटर मागे होता. एकटा. स्वतःचा वारा स्वतः फोडत.

नागवेकर थांबले. कासम येऊन थांबला.

"मागे का लागत नाहीस?"

"मला नको."

"काय नको?"

"तुझी फेड. मी मागितलीय का?"

"मीही मागितलं नव्हतं."

"म्हणून तर दिलं," कासम म्हणाला. "मागितलं असतंस तर विचार केला असता. तुझी नाडी किती?"

"त्याच्याशी तुला काय करायचंय?"

"एकशे पन्नास असणार. मानेवरची शीर दिसतेय." त्याने पायडलवर पाय ठेवला. "तू एकट्याने नाव घाल विश्राम. दोन सायकली, दोन रस्ते. मला असलं चालवता येत नाही."

तो पुढे निघून गेला. त्याच्या आडोशाला लागू नये म्हणून नागवेकरांनी मनातल्या मनात शंभर मोजले, मग पाय मारला.

क्लबात तरी कुठे बरं होतं. चौदा जणांची जी ओळ भाट्याहून एकाला एक लागून निघायची ती आता रस्ताभर पसरायला लागली. कुणाला कुणाच्या मागे जायचं नव्हतं. एक शिक्षक दांपत्य होतं, त्यातल्या नवऱ्याच्या नावावर बायकोचा सदतीस टक्के आडोसा निघाला. ते आता शेजारी-शेजारी चालवत आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या दोघंही सारख्या खात. ज्यांचे आकडे देणाऱ्यांत निघाले ते तर बघवत नव्हते. एक निवृत्त पोस्टमास्तर, आयुष्यभर नम्र माणूस, पुढे लागला की मान वळवून विचारायचा, "येताय ना आडोशाला? या, या." त्याच्या मागे जाण्यापेक्षा लोक वारा खात. सगळ्यांचा वेग ताशी तीन किलोमीटरांनी उतरला. यंत्र मात्र अचूक होतं, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

नागवेकरांनी एकट्याने नाव घातलं.

---

सहाशेच्या आधी दोनशेची चाचणी पार करावी लागे. भाट्ये ते विजयदुर्ग आणि परत, साडेतेरा तासांत. जानेवारीचा शेवटचा रविवार. सकाळी सहाला शिक्का घेऊन सगळे निघाले. नाव एकट्याचं की जोडीचं हे परत आल्यावर, त्याच टेबलावर कायम करायचं होतं.

जाताना नागवेकर छान गेले. मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा बाजूने, रस्ता ओळखीचा, नाडी एकशे अठ्ठावीस. विजयदुर्गला साडेअकराला शिक्का. एवढं बरं चाललंय म्हणून त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं, आणि ते खरं ठरलं. जैतापूरचा पूल ओलांडताना वायव्येचा वारा उठला, तो नेहमीपेक्षा जाड होता. सड्यावर आले तेव्हा तर आडवं गवत. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, वाऱ्याला अडवायला झाडाचं खोडही नाही. एकशे चाळीसच्या आत राहायचं तर ताशी बारा किलोमीटर. पंधराने गेलं की एकशे पन्नास.

साडेचारला ते आडिवऱ्याच्या चहाच्या टपरीशी उतरले. चाळीस किलोमीटर उरले होते आणि तीन तास. बाराने गेलं तर वीस मिनिटं उशीर, म्हणजे सहाशे बाद. पंधराने गेलं तर वेळेत, पण सुनेत्राबाईंचा आकडा मोडून. नागवेकरांनी हे गणित चार वेळा केलं. चारही वेळा उत्तर तेच आलं. ते उठले, सायकलीपर्यंत गेले, परत येऊन बसले, परत उठले.

"बस की," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून कासम म्हणाला. तो केव्हा आला कळलं नव्हतं. तो इतका वेळ मागे का होता, हेही नागवेकरांनी विचारलं नाही.

"वेळेत होईल का?" कासमने विचारलं.

"वीस मिनिटं कमी पडतात."

"माझ्या मागे लाग."

"एकट्याने नाव आहे."

"बदलता येतं."

"'साहाय्यित' छापतात."

कासमने बशीत चहा ओतला, फुंकला. "विश्राम, तुला एक सांगू? रागावशील."

"सांग."

"तू ऑक्टोबर-ऑक्टोबर करत बसलायस. दवाखान्यातून आल्यावर तू किती बोलायला लागला होतास आठवतं? पूर्वी हद्दी आणि सातबारे. नंतर गोळ्या, पथ्य, डॉक्टर काय म्हणाले, शेजारच्या खाटेवरचा काय म्हणाला. दोन-दोन तास." त्याने चहा संपवला. "वाऱ्यात पुढे झालं की मागच्याचं बोलणं मागेच उडून जातं. पुढच्याला काही ऐकू येत नाही. म्हणून मी पुढे व्हायचो. दया नाही, काही नाही. शांतता मिळायची."

नागवेकरांनी चहाचा पेला बाकावर ठेवला.

"म्हणजे तुझं-माझं फिटलंय," कासम म्हणाला. "तुला आडोसा, मला गप्पांपासून सुटका. ते यंत्र शांतता मोजत नाही, त्याला मी काय करू?"

नागवेकरांना राग आला. मग त्या रागाच्या मागोमाग एक हलकेपणा आला, दोन महिन्यांत पहिल्यांदा. आपण बडबडे आहोत हे कुणालाही बरं वाटत नाही, पण दयेला पात्र असण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि तरी ते मोजणीदार होते. शेतकरी हद्द दाखवतो ती ऐकून घ्यायची असते. लिहायची असते ती मोजून.

"चल," ते म्हणाले. "लागतो मागे."

सड्यावर कासम पुढे झाला आणि नागवेकर त्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून आले. एकदम दार लावल्यासारखा वारा बंद झाला. नाडी एकशे तेहेतीस, वेग सतरा. डबीतला घेतलेल्याचा आकडा सरसर चढायला लागला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. ते बोलायला लागले. आडिवऱ्याच्या हद्दीतल्या एका बखळीबद्दल, जी कागदावर बारा गुंठे आणि जागेवर साडेदहा, आणि दीड गुंठा कुणी खाल्ला ते सगळ्या गावाला ठाऊक असून पंचनाम्यावर कुणीच कसं सांगितलं नाही. कासमची पाठ हलली नाही. डावीकडे समुद्र, उजवीकडे पिवळं गवत, पाठ तशीच. पाच किलोमीटर ते बोलले.

आणि वाक्याच्या मध्येच थांबले.

थांबून ते मैलाचे दगड मोजू लागले. पाठीवर नजर. एक दगड गेला. वारा कानात गरगरत होता. आणखी अर्धा किलोमीटर गेला असेल नसेल, कासमचे पाय थांबले. साखळी कटकटली. त्याने मान वळवली, पूर्ण, खांद्यावरून, रस्ता सोडून. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते नागवेकरांनी एकदाच पाहिलं होतं, दवाखान्याच्या दारात, स्ट्रेचरवरून.

"काय झालं? गप्प का?"

"काही नाही," नागवेकर म्हणाले.

"दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मग दीड गुंठ्याचं काय झालं?"

नागवेकरांनी नजर चाकावर आणली. कासमनेही मान पुढे केली, जरा घाईने, आणि पाय मारायला लागला. दोघांच्याही लक्षात आलं होतं की दुसऱ्याच्या लक्षात आलंय.

थोड्या वेळाने नागवेकरांनी अंतर आणखी कमी केलं, वीतभराचं चार बोटं, आणि दीड गुंठ्याचं सांगायला घेतलं. आवाज चढवला नाही. नेहमीइतकाच ठेवला.

---

सात वाजून सहा मिनिटांनी ते भाट्याला पोचले. सुरूच्या बनात मंडप, टेबल, टेबलामागे डॉ. शेट्ये. त्यांनी दोन्ही डब्या वाचल्या.

"नागवेकर, वेळेत आहात. नाडी सगळीकडे एकशे चाळीसच्या आत, शाबास. पण आडोसा एकवीस टक्के. एकट्याचं नाव असेल तर बाद. जोडी केली तर सहाशेला जाल, पण तुमच्या नावापुढे ते छापलं जाईल."

"छापा," नागवेकर म्हणाले.

"नक्की? भिंतीवर लावाल तेव्हा कायम दिसेल."

"मोठ्या अक्षरांत छापा. चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. नागवेकरांनी बोटाने सही केली, लफ्फेदार, नकाशावर करतात तशी. मग पडदा कासमकडे फिरला.

"होडेकर, तुमचीही लागेल. देणाऱ्याने मान्य करावं लागतं. इथे. 'मी आडोसा जाणूनबुजून दिला आहे.'"

कासम पडद्याकडे पाहत उभा राहिला. नंतर त्याने सायकलीकडे पाहिलं. तीन वर्षं वारा खाताना त्याचा चेहरा इतका अवघडलेला कुणी पाहिला नव्हता.

"हे कशाला पाहिजे?" तो म्हणाला.

"नियम आहे."

"मी काही दिलंबिलं नाही. तो मागे होता, मी पुढे होतो."

"लगतच्या खातेदाराने सही केल्याशिवाय माझ्या खात्यात मोजणी पुरी होत नाही," नागवेकर म्हणाले. "जाणूनबुजून दिलास की नाही, तेवढं सांग. त्या ऑक्टोबरपासून."

कासमने हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला.

"काय म्हणतोस?" तो म्हणाला. "वारा फार आहे. ऐकू येत नाही."

वारा केव्हाच पडला होता. मंडपाची झालर सरळ खाली लोंबत होती, आणि टेबलावरचे कागद, ज्यांच्यावर कुणी वजन ठेवलं नव्हतं, जागचे हलत नव्हते.

"सावकाश कर," नागवेकर म्हणाले, आणि बाकावर बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कुठे जायची घाई नव्हती.

कासमने तेलकट बोट जर्सीला पुसलं. पुन्हा पुसलं. मग सही केली.